वृत्तसंपादकांना खुले पत्र: घोषणा छापलीत, आता तिचे पुढे काय झाले तेही छापा

सर्व वृत्तसंपादक, बातमीदार आणि डेस्कवर बसून मथळे देणारे उपसंपादक यांस,

स. न. वि. वि.

मी एका वर्तमानपत्राच्या संदर्भ विभागात २८ वर्षे कात्रणे लावली. रोज सकाळी अंक पुढ्यात घ्यायचा, लाल पेन्सिलीने खुणा करायच्या, बातमी कापायची, मागे तारखेचा शिक्का मारायचा आणि ज्या त्या पाकिटात सरकवायची. पाकिटे दोन प्रकारची होती, माणसांची आणि विषयांची. पुढाऱ्यांची पाकिटे भराभर फुगत. काहींना दर वर्षी नवे पाकीट घालावे लागे आणि जुने दोरी बांधून माळ्यावर जाई. विषयांची पाकिटे मात्र वर्षानुवर्षे सपाटच राहत.

एकदा एक नवा बातमीदार आला. एका पुढाऱ्याने आदल्या संध्याकाळी सभेत पाणी योजना जाहीर केली होती आणि त्याला बातमीसाठी पार्श्वभूमी हवी होती. मी योजनेचे पाकीट काढून दिले. आत दोनच कात्रणे. एकात घोषणा आणि व्यासपीठावर हात उंचावलेल्या पुढाऱ्याचा फोटो. दुसऱ्यातही घोषणाच. तोच पुढारी, तीच योजना, लाभ होणाऱ्या गावांचा आकडाही तोच. मागचे शिक्के पाहिले तर दोन्हींत नऊ वर्षांचे अंतर. दुसऱ्या बातमीत पहिलीचा उल्लेखसुद्धा नव्हता. म्हणजे आदल्या संध्याकाळची घोषणा तिसरी होती, आणि आधीच्या दोन्ही आम्हीच पहिल्या पानावर छापल्या होत्या.

मधल्या काळात काय झाले? निधी मंजूर झाला होता का? निविदा निघाली होती का? निदान सर्वेक्षण तरी? पाकिटात काहीच नव्हते, कारण कुणी विचारायला गेलेच नव्हते. त्या पुढाऱ्याने लोकांना फसवले असेल, किंवा खरोखर धडपड करूनही त्याला यश आले नसेल. मला ते आजही ठरवता येत नाही. ठरवायला लागणारा कागदच आमच्याकडे नव्हता. ही गोष्ट माझ्या मनातून कधी गेली नाही, म्हणून निवृत्त झाल्यावर हे पत्र लिहायला बसलो.

निवडणूक जवळ आली की जो तो मतदाराला सांगतो, पुढाऱ्याच्या बोलण्यावर जाऊ नका, करणी पाहा. सल्ला योग्यच आहे. पण मतदाराने करणी पाहायची कुठे? भाषण त्याच्या हातातल्या मोबाइलवर आपणहून येते, दिवसातून दहा वेळा येते. करणी राजपत्रात असते, निविदांच्या कागदांत असते, लेखापरीक्षणाच्या अहवालात, समितीच्या इतिवृत्तात, नाहीतर अर्धवट उभ्या राहिलेल्या इमारतीत. दिवसभर राबून घरी आलेला माणूस हे सगळे धुंडाळत बसणार नाही, आणि त्याने बसावे अशी अपेक्षाही करू नये. त्याच्या वतीने ते धुंडाळायचे काम तुमचे आहे. म्हणून हे पत्र मी मतदाराला न लिहिता तुम्हाला लिहितो आहे.

भाषणाला भुलण्यात मोठमोठी वर्तमानपत्रे मागे राहिलेली नाहीत. २१ मे १९३५ रोजी हिटलर राइशस्टागमध्ये, म्हणजे जर्मनीच्या संसदेत, शांततेवर लांबलचक बोलला. जर्मनीला युद्ध नको आहे, ऑस्ट्रियात ढवळाढवळ करायची नाही, पश्चिमेकडच्या सीमांची हमी देणारा लोकार्नो करार आम्ही पाळू, असे त्याने सांगितले. लंडनच्या टाइम्सने या भाषणाचे स्वागत केले. त्याच्या जेमतेम दोन महिने आधी, १६ मार्चला, याच माणसाने जर्मन सैन्यावर मर्यादा घालणारा, पहिल्या महायुद्धानंतरचा व्हर्सायचा तह झुगारून सक्तीची लष्करभरती जाहीर केली होती. ती काही गुपित नव्हती, सगळ्या जगाने तिची बातमी छापली होती. भाषण झाले त्याच दिवशी त्याच्या सरकारने युद्धकाळच्या अर्थव्यवस्थेची तयारी करणारा एक गुप्त कायदाही केला. तो संपादकांना कळणे शक्य नव्हते, हे मान्य. पण लष्करभरतीचे कात्रण त्यांच्याच संदर्भ विभागात असणार. भाषणाशेजारी ते ठेवले असते तर वाचकाने स्वतःच विचारले असते, शांतता हवी असलेल्या माणसाला एवढे सैनिक कशाला हवेत? ७ मार्च १९३६ ला जर्मन सैन्य ऱ्हाइनलँडमध्ये, म्हणजे करारानुसार सैन्य ठेवायला बंदी असलेल्या सीमाभागात, शिरले आणि लोकार्नो करार संपला. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रियाही गेला.

इतके टोकाचे उदाहरण रोज लागू पडत नाही, हे मला कळते. तुमच्या समोरचे बहुतेक पुढारी साधे असतात. थोडे खरे बोलतात, थोडे वाढवून बोलतात, काही करतात, काही विसरतात. पण कात्रणाशेजारी कात्रण ठेवायची पद्धत सगळ्यांना सारखीच लागू आहे.

मग कृती कशाला म्हणायचे? माझ्या पाहण्यात या शब्दाचा फार गोंधळ आहे. पायाभरणी ही कृती वाटते, उद्घाटन ही कृती वाटते, समिती नेमणे हीसुद्धा कृती म्हणून छापली जाते. माझ्या मनात याचे उत्तर म्हणून एकच कागद येतो. २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी काढलेला हुकूम. संस्थानच्या नोकऱ्यांत यापुढे ज्या जागा भरल्या जातील त्यांतल्या निम्म्या मागासलेल्या वर्गांना द्याव्यात, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. शाळेतही तेवढेच शिकवतात. पण तो हुकूम तिथे थांबत नाही. ज्या कचेऱ्यांत या वर्गांचे प्रमाण निम्म्याहून कमी आहे, तिथली पुढची नेमणूक याच वर्गांतल्या माणसाची करावी, असे त्यात आहे. आणि शेवटी सर्व खातेप्रमुखांना बजावले आहे की, हुकूम निघाल्यानंतर केलेल्या नेमणुकांचे तक्ते दर तीन महिन्यांनी पाठवावेत.

हे शेवटचे वाक्य मी कितीदा तरी वाचले आहे. मागासलेल्यांना वर आणले पाहिजे असे बोलणारे लोक त्या काळीही कमी नव्हते. महाराजांनी निम्म्या जागा म्हणून आकडा घातला, हुकूम हाती पडल्या दिवसापासून म्हणून तारीख घातली, खातेप्रमुख म्हणून जबाबदार माणूस ठरवला, आणि तो टाळाटाळ करील हे ओळखून तिमाही तक्ता मागितला. त्या तक्त्याने सदिच्छेचे राज्यकारभारात रूपांतर केले. कुणी पुढारी नवी योजना जाहीर करतो तेव्हा तुमच्या बातमीदाराने एवढेच विचारावे: किती, कधीपासून, कोण करणार आणि आम्हाला कळणार कसे? चारांपैकी दोनांची उत्तरे मिळाली नाहीत तर तसे बातमीत लिहावे. 'या योजनेसाठी किती खर्च येईल व तो कुठून उभा राहील, हे सांगण्यात आले नाही.' एवढे एक वाक्य. त्यात कुणाची निंदा नाही, पक्षपात नाही.

तुम्ही म्हणाल, सगळेच काही असे स्वच्छ नसते. खरे आहे, आणि मला सर्वांत जास्त छळणारे उदाहरण अमेरिकेचे लिंडन जॉन्सन यांचे आहे. १९३७ मध्ये ते काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, गेले आणि पुढची वीस वर्षे कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या विधेयकांविरुद्ध मते देत राहिले. मतांची नोंद आहे, वाद घालायला जागा नाही. १९५७ मध्ये त्यांनीच सिनेटमधून नागरी हक्कांचा एक कायदा पार पाडला. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर २ जुलै १९६४ ला नागरी हक्क कायद्यावर आणि ६ ऑगस्ट १९६५ ला मतदान हक्क कायद्यावर सही केली. त्या दुसऱ्या कायद्याचा परिणाम मोजता येतो. मिसिसिपी राज्यात कायद्याआधी मतदार म्हणून नोंदलेले कृष्णवर्णीय १०० मागे सातच्या आसपास होते. १९६७ पर्यंत ते ६० च्या घरात गेले. अंगावर काटा आणणारा आकडा आहे हा. ज्या माणसाला मतदानाच्या कचेरीतून हुसकावून लावले जायचे, तो दोन वर्षांत मतदार झाला.

आणि हेच जॉन्सन ऑक्टोबर १९६४ च्या प्रचारात सांगत होते की, आशियातल्या तरुणांनी लढायच्या लढाईसाठी आम्ही आपली मुले हजारो मैल दूर पाठवणार नाही. ते निवडून आले. ८ मार्च १९६५ ला अमेरिकी मरीन सैनिक व्हिएतनाममध्ये दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले आणि वर्ष संपता संपता तिथे अमेरिकेचे सुमारे १,८४,००० सैनिक होते. मतदान हक्काचे वर्षही तेच.

या माणसाला एका शब्दात चांगला किंवा वाईट ठरवता येत नाही आणि ठरवण्याची घाईही करू नये. पण त्याच्या दोन्ही कृतींची नोंद वेगवेगळी, स्पष्ट, तारखेनिशी ठेवता येते. एकीने दुसरी पुसली जात नाही. आज आपल्याकडे होते ते नेमके उलटे. पुढारी आवडता असला की त्याचे एक चांगले काम दाखवून दहा वाईट कामे झाकली जातात, आणि नावडता असला की एका चुकीखाली त्याचे सगळे चांगले काम गाडले जाते. बातमीदारांनीही नकळत या दोन रांगांत उभे राहायला सुरुवात केली आहे, असे मला दिसते. तुमचे काम नोंदीचे आहे. निवाडा वाचकाला करू द्या, त्याला तो करता येतो.

आता अर्थसंकल्पाबद्दल, कारण तिथे भाषण आणि कृती एकाच दिवशी, एकाच गठ्ठ्यात तुमच्या टेबलावर येतात आणि तरी तुम्ही भाषणच उचलता. केंद्र सरकारच्या अर्थसंकल्पातले खर्चाचे पुस्तक उघडा. प्रत्येक बाबीसमोर चार रकाने असतात. पहिल्यात दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, दुसऱ्यात चालू वर्षाचा मूळ अंदाज, तिसऱ्यात त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि चौथ्यात येणाऱ्या वर्षाची तरतूद. मंत्र्यांच्या भाषणात असतो तो चौथा रकाना. टीव्हीच्या पडद्यावर रात्रभर सरकत राहतो तोही चौथाच. एखाद्या ओळीवर बोट ठेवून उजवीकडून डावीकडे या. गेल्या वर्षी मोठ्या आवाजात जाहीर केलेली रक्कम दुसऱ्या रकान्यात आहे, तिसऱ्यात ती आली का घटून? पहिल्यात, म्हणजे त्याच्या आधल्या वर्षी त्याच बाबीवर खरोखर खर्च झालेल्या पैशात, किती आहे? हे करायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. मी ते कात्री ठेवून, चष्मा पुसून, जेवणाच्या सुट्टीत करत असे. दोन-तीन वर्षांची पुस्तके शेजारी ठेवली की कुठल्या खात्यावर सरकारचे खरे प्रेम आहे ते कळते. खर्च कमी झाला म्हणजे काम झालेच नाही असे प्रत्येक वेळी नसते. निविदा स्वस्तात गेली असेल, काम कोर्टात अडकले असेल. ते विचारा. पण आधी रकाना तर वाचा.

दुसरी जागा सांगतो, जिच्याकडे क्वचितच कुणी बातमीदार फिरकतो. लोकसभेत १ डिसेंबर १९५३ पासून सरकारी आश्वासनांची एक समिती आहे. मंत्री सभागृहात जे आश्वासन देतात ते टिपून ठेवायचे आणि पाळले की नाही ते तपासायचे, एवढेच तिचे काम. कोणते वाक्य आश्वासन मानायचे याची यादीच ठरलेली आहे. 'विषय विचाराधीन आहे', 'मी यात लक्ष घालीन', 'माहिती गोळा केली जात आहे', ही आपण कानाआड करतो ती वाक्ये तिथे आश्वासन म्हणून मोजली जातात, आणि ते तीन महिन्यांत पूर्ण व्हावे अशी अपेक्षा असते. होत नाही तेव्हा मंत्रालयाला मुदतवाढ मागावी लागते, कारण द्यावे लागते. समिती अहवाल देते. राज्यांच्या विधिमंडळांतही अशा समित्या आहेत. मंत्र्याच्या तोंडच्या शब्दाला तारीख लावून त्याचा हिशेब मागण्याची ही सोय गेली सत्तर वर्षे चालू आहे. पहिल्या पानावर तिचा अहवाल मी माझ्या सगळ्या नोकरीत एकदाही कापला नाही.

या समितीची कक्षा सभागृहापुरती आहे. मैदानावरच्या सभेत, पत्रकार परिषदेत, मुलाखतीत दिलेला शब्द तिच्या वहीत चढत नाही. आणि पुढारी मोठे शब्द देतात ते तिथेच. त्या शब्दांची वही फक्त तुमच्याकडे आहे. तुमचे जुने अंक हीच ती वही. ती तुम्ही उघडली नाही तर दुसरे कुणी उघडू शकत नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. करणी तपासा म्हणजे सगळे चोर आहेत हे सिद्ध करा, असे मी म्हणत नाही. 'सगळे सारखेच' हे वाक्य मला भाषणांपेक्षाही घातक वाटते. जो पुढारी खरोखर राबतो त्याच्यावर त्याने सर्वांत मोठा अन्याय होतो, कारण त्याचे काम आणि दुसऱ्याचा आळस एकाच मापाने मोजला जातो. शिवाय ते खरेही नाही. २०१७ मध्ये राज्यशास्त्राच्या अभ्यासकांच्या एका मोठ्या गटाने १२ देशांतल्या ५७ निवडणुकांमधली २० हजारांहून अधिक आश्वासने एकेक करून तपासली. लोकांची समजूत असते त्यापेक्षा कितीतरी अधिक आश्वासने पूर्ण किंवा अंशतः पाळली गेल्याचे त्यांना दिसले. एकाच पक्षाचे सरकार असेल तर प्रमाण अधिक, अनेक पक्षांच्या आघाडीत कमी. म्हणजे शब्द न पाळण्यामागे नेहमी लबाडीच नसते, कधी हात बांधलेले असतात. पुढाऱ्याला मोजताना त्याच्या हातात काय होते हे आधी पाहिले पाहिजे. विरोधी बाकावरच्या सदस्याने रस्ता का बांधला नाही, हा प्रश्नच चुकीचा. त्याने प्रश्न किती विचारले, समितीच्या बैठकांना तो गेला का, दुरुस्त्या सुचवल्या का, हे विचारावे. आपल्याकडे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे सदस्यत्वच जाऊ शकते, तेव्हा एकट्या सदस्याच्या मतावरून त्याच्या मनातले ओळखणे कठीण झाले आहे. जिथे त्याला मोकळीक असते तिथेच त्याला पाहा.

आणि कमी बोलणाऱ्यांनाही शोधून काढा. चर्चिल यांच्यानंतर ब्रिटनचे पंतप्रधान झालेले क्लेमंट ॲटली मोजके, कोरडे बोलायचे. चर्चिल यांचे वक्तृत्व त्यांच्याकडे नव्हते. त्यांच्याच सरकारच्या काळात, ५ जुलै १९४८ ला, ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि दवाखान्याच्या दारात पैसे न मोजता माणसाला डॉक्टर मिळू लागला. असा पुढारी आज तुमच्याकडे आला तर त्याला किती कॉलम मिळतील? बाइट चांगला देत नाही म्हणून तुमचा कॅमेरा त्याच्यावरून पुढे सरकेल, याची मला काळजी वाटते.

भाषणे छापूच नका, असे मात्र मला म्हणायचे नाही. पुढाऱ्याचा शब्द हीच कधी कधी कृती असते. जमावासमोर एखाद्या समाजाविरुद्ध विष ओकणाऱ्याने काही केलेच नाही, असे म्हणता येणार नाही. त्याने केले आहे. चांगल्या बाजूनेही तसेच. ७ डिसेंबर १९७० ला पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, विली ब्रांट पोलंडची राजधानी वॉर्सात नाझींविरुद्ध लढून मेलेल्या ज्यूंच्या स्मारकासमोर गुडघे टेकून बसले. एक शब्दही न बोलता. त्या छायाचित्राने जगाला हलवले. पण त्याच दिवशी त्यांनी पोलंडशी करारावर सही केली, दुसऱ्या महायुद्धानंतरची पोलंडची पश्चिम सीमा मान्य केली, आणि आपल्या देशात प्रचंड विरोध सोसून मे १९७२ मध्ये संसदेकडून त्याला मंजुरी मिळवली. छायाचित्र जरूर छापा. दीड वर्षानंतरची मंजुरीही तेवढ्याच आस्थेने छापा.

मला ठाऊक आहे, डेस्कवर माणसे कमी आहेत. भाषणाची बातमी वीस मिनिटांत होते, मागोवा घ्यायला तीन दिवस लागतात, आणि त्यातून काही निघेलच याची खात्री नसते. मी ती धावपळ जवळून पाहिली आहे. म्हणून फार मोठे मागत नाही. घोषणेची बातमी सोडताना डायरीत पुढची एक तारीख लिहून ठेवा, सहा महिन्यांनंतरची किंवा वर्षानंतरची, आणि त्या तारखेला एकाला मोकळे करा. काम झाले असेल तर तेही ठळक छापा, ज्याने केले त्याचे नाव घेऊन, पहिल्या पानावर. झाले नसेल तर का नाही, ते सांगा.

सुरुवात उद्यापासून करता येईल. बरोबर एक वर्षापूर्वीचा, त्याच तारखेचा तुमचा अंक काढा. पहिल्या पानावर कुणी काय करीन म्हटले होते ते पाहा आणि एका बातमीदाराला त्या जागेवर पाठवा. त्याला सांगा, पुढाऱ्याला फोन सगळ्यांत शेवटी कर. आधी तिथे जा, जे दिसेल ते लिहून घे, फोटोत तारीख येऊ दे, आणि परत आल्यावर संदर्भ विभागात एक प्रत दे.

आपला नम्र,
संदर्भ विभागातला एक निवृत्त कर्मचारी